दीड इंच

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे. शिंप्याच्या गळ्यात असते ती, मापे घेणारी. माझी लांबी साठ इंच. निदान माझ्या अंगावर तसे छापलेले आहे. ते किती खरे, ते पुढे सांगते. सांगताना मला अजून लाज वाटते.

आज मी दुकानातल्या एका खिळ्याला टांगलेली आहे. शटर अर्ध्यावर ओढलेले आहे, शिलाई मशीन झाकून ठेवलेली आहे आणि जिच्या गळ्यात मी बावीस वर्षे राहिले, ती आज इथे नाही. ती कुठे गेली आणि का, हीच माझी गोष्ट.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. सुती पट्टीवर पिवळा लेप चढला, तो वाळल्यावर काळे आकडे उमटले, दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसल्या. शेवटी एका चष्मेवाल्या बाईने मला लोखंडी पट्टीशेजारी सरळ धरून पाहिले. प्रत्येक टेप ती तशी पाही. सूतभर फरक निघाला तरी टेप कचऱ्याच्या टोपलीत. माझ्याकडे बघून तिने मान हलवली आणि मला चांगल्यांच्या ढिगात टाकले. ते माझे पहिले कौतुक. मित्रांनो, पहिले कौतुक कोणी विसरत नाही.

शिवण शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी मला विकत घेतले आणि एका शिकाऊ मुलीच्या गळ्यात घातले. "टेप म्हणजे शिंप्याची जीभ," ते म्हणाले. "ती खोटं बोलली की आधी कापड वाया जातं, मग गिऱ्हाईक जातं. वर्षातून एकदा पट्टीला लावून बघायची. ढिली पडली असली तर कापून टाकायची. तिथे माया करायची नाही." ती मुलगी पुढे स्वतःचे दुकान काढून बसली. सगळी गिऱ्हाइके तिला मावशी म्हणू लागली, म्हणून मीही म्हणते.

मावशी लहानपणापासून अंगाने जाड. दहा वर्षांची असताना गणवेशाचे माप द्यायला ती एका मोठ्या दुकानात गेली होती. तिथे माप घेणारा ओरडून आकडा सांगायचा आणि कोपऱ्यातला कारकून तो वहीत लिहायचा. मावशीच्या कमरेचा आकडा त्याने दोनदा ओरडून सांगितला, कारण कारकुनाला तो खरा वाटेना. सगळे दुकान हसले. त्या दिवसापासून तिने मनाशी गाठ मारली. तिच्या दुकानात आकडा कधी मोठ्याने बोलला गेला नाही. ती माझ्याखाली दोन बोटे घालून सैलसर माप घ्यायची, गप्प वहीत लिहायची आणि पान उलटायची. जाड बायका लांबलांबून तिच्याकडे येत. प्रत्येकीचे त्या वहीत एक पान होते. मावशीचे स्वतःचे मात्र नव्हते.

माझी कामाची वर्षे सुखात गेली. दर वर्षी मावशी मला कटिंगच्या टेबलाशी नेई. त्या टेबलाच्या कडेला लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. तिच्याशेजारी मला ठेवून ती म्हणे, "शाबास." मग वर्षे वाढली आणि माझा लेप तडकू लागला. सुती पट्टी रोज ओढून ओढून लांबते, मित्रांनो. माझे इंच हळूहळू मोठे झाले आणि मी खऱ्यापेक्षा कमी माप दाखवू लागले. मावशीने गिऱ्हाइकांसाठी नवी टेप आणली. मला मात्र टाकले नाही. मी तिच्या गळ्यातच राहिले, फक्त तिच्यासाठी. त्यानंतर चार वर्षे तिने मला एकदाही पट्टीला लावले नाही.

तेव्हा मला वाटले, ही माया आहे. मास्तरांनी करू नको म्हटलेली ती हीच, हे माझ्या ध्यानात आले नाही.

त्याच चार वर्षांत मावशीचे गुडघे धरले. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आली की ती पहिली पाच मिनिटे बोलत नसे. मधुमेहाच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. झोपेत तिचा श्वास मधेच अडकायचा आणि शेजारी तिचा नवरा ताडकन उठून बसायचा. तो शाळेची बस चालवतो. त्याला पहाटे उठायचे असते. खरे तर त्याला झोपच लागत नव्हती.

शेवटी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. मी गळ्यात होतेच. शिंप्याला टेप काढायची आठवण राहत नाही. डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या, "गुडघ्याला गोळ्या किती वर्षं देऊ? डाएट तुम्ही किती वेळा केलंत?"

"सहा वेळा. आठ किलो जातात, दहा येतात."

"मग एकदा वजनाच्या ऑपरेशनचा विचार करा. करा असं म्हणत नाही मी, विचार करा. ही चिठ्ठी घ्या आणि मोठ्या दवाखान्यात जाऊन नुसतं बोलून या."

चिठ्ठी दुकानात आली आणि वाद सुरू झाला. मावशीची धाकटी बहीण दुकानात काज-बटणाचे काम करते. तिने चिठ्ठी दोनदा वाचली. "जाऊन ये ना, ताई. बोलायला काय जातंय?"

बस उभी करून आलेला नवरा दारातच थांबला. "बोलायला काही जात नाही. टेबलावर चढवलेलं माणूस परत उतरेल याची हमी कोण देतं?"

"हमी तर तुमच्या बसचीही नसते, भावोजी. तरी लोक पोरं बसवतात."

"माझ्या बसला ब्रेक आहे."

"हिच्या साखरेला आहे का?"

मावशी बॉबीन भरत होती. तिचा हात थांबला नाही. "तुम्ही दोघं भांडू नका. मला तीन महिने द्या," ती म्हणाली. "गोड बंद, संध्याकाळी चालणं. पोटाचा घेर पन्नासच्या खाली आला तर चिठ्ठी फाडायची. नाही आला तर जाईन."

"कुठल्या टेपने?" बहिणीने विचारले.

"माझ्या," मावशी म्हणाली, आणि मला गळ्यावरून सारखे केले.

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडून नको म्हणावेसे वाटले. मला माहीत होते मी कशी आहे. पण टेपला बोलता येत नाही. तिला जे छापले आहे तेच दाखवता येते.

मावशीने मन लावून तीन महिने काढले. नवऱ्याचे बसवाले मित्र गोड चहाला बोलावत, ती नको म्हणे. पायांना सूज येई तरी चालायला जाई. पहिल्या दिवशी मी बावन्न दाखवले होते. तीन महिन्यांनी तिने बहिणीला तोंड फिरवायला लावले, मला पोटाभोवती घेतले आणि ओढले. दोन बोटे आत घातली नाहीत. मी तट्ट झाले. साडेएकोणपन्नास.

मावशी हसली, आणि ते हसू बघून मला कसेसेच झाले. चिठ्ठी फाडायला तिचा हात धजला नाही. तिने ती बटणांच्या डब्यात तळाशी घातली आणि नवऱ्याला फोन केला. पलीकडून नुसता मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला.

त्या आनंदात तिने स्वतःसाठी नवा ड्रेस कापायला घेतला. किती वर्षांनी! नात्यात लग्न होते. एरवी ती जुन्या ढगळ कपड्यावरून अंदाजाने कापायची. या वेळी माप माझे घेतले आणि कापड टेबलाच्या पट्टीवरून कापले. शिवाय शिलाईत दोन इंच सैल सोडायची, तिथे एकच सोडला. म्हणाली, "आता कशाला झाकायचं?"

दोन दिवसांनी ड्रेस अंगात घातला. वरची तीन बटणे लागली. चौथे लागताना तिने श्वास आत घेतला. लागले. श्वास सोडला तेव्हा बटण उडाले आणि मशीनखाली गडगडत गेले.

बहीण खाली वाकून ते शोधत म्हणाली, "कटिंग चुकलं, ताई."

"माझं कटिंग चुकत नाही."

"मग माप चुकलं."

मावशीने मला गळ्यातून काढले आणि टेबलाशी नेले. माझे पितळी टोक पट्टीच्या टोकाला लावले, मला सरळ केले. चार वर्षांनी ते थंड लोखंड मला लागले. माझा पन्नासचा आकडा पट्टीच्या साडेएक्कावन्नावर जाऊन बसला होता.

आता ती मला कापणार, असे मला वाटले. कात्री हाताशीच होती. पण ती स्टुलावर बसली. "मला माहीत होतं गं," ती बहिणीला म्हणाली. "पहिल्या वर्षीच कळलं होतं. म्हणूनच तर लावून बघितली नाही."

बहिणीने सापडलेले बटण तिच्या हातात ठेवले, मग डबा पालथा केला. बटणांच्या ढिगातून चिठ्ठी वर आली.

"भीती वाटते मला," मावशी म्हणाली. "आणि सुरुवात कुठून करायची तेही कळत नाही."

"गिऱ्हाईक आलं की तू कुठून करतेस?"

मावशीने मापांची वही ओढली, कोरे पान काढले आणि वर स्वतःचे नाव लिहिले.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि सगळी हकिकत खरी सांगितली. बाई हसल्या नाहीत. "अडीच इंच कमी झाले ते खरेच आहेत. ते तुमचे कष्ट आहेत," त्या म्हणाल्या. "पण पन्नास हा आकडा कोणी ठरवला?"

"मीच."

"मग तो सोडा. हे एका टेपवर ठरत नाही. वजन, उंची, साखर, झोप, गुडघे, चालू गोळ्या, आजवर काय काय करून बघितलं, घरात मदतीला कोण, हे सगळं एका पानावर लिहा. दुसऱ्या पानावर तुमचे प्रश्न. भीतीचेसुद्धा. ऑपरेशनशिवाय काय करता येईल, तेही विचारा. सगळं ऐकून नाही म्हणालात तरी चालेल."

पुढच्या दोन महिन्यांत मोठ्या दवाखान्यात ती एकदा नव्हे, पाच वेळा गेली, आणि संध्याकाळचे चालणेही सोडले नाही. मी गळ्यात होतेच. आहार सांगणाऱ्या बाई भेटल्या, मनातले विचारणाऱ्या बाई भेटल्या. त्यांच्यापुढे मावशीने तो दोनदा ओरडलेला आकडा पहिल्यांदा कोणाला तरी सांगितला. सर्जनने वहीतला एकही प्रश्न टाळला नाही. "धोका शून्य नाही," ते म्हणाले. "तुमच्या आजारांचाही शून्य नाही. दोन्ही समोर ठेवून ठरवा. ऑपरेशनने पोट लहान होतं, सवयी होत नाहीत. जन्मभर थोडं थोडं खायचं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्यायच्या, तपासणीला यायचं." बाहेर बाकावर ऑपरेशन झालेल्या दोघी भेटल्या. एक जिना चढून आली होती आणि खूश होती. दुसरीचे वजन पुन्हा वाढत होते, ती रडली. मावशीने दोघींचे ऐकून घेतले. परतताना माझी दोन्ही टोके तिने मुठीत इतकी घट्ट धरली होती, की माझ्या टोप्यांचे वळ तिच्या तळव्यावर उठले.

आठ दिवस ती रोज वही उघडून ते प्रश्न पुन्हा वाचत राहिली. मग एका दुपारी, धागा ओवता ओवता म्हणाली, "मी करणार आहे."

नवरा तिथेच डबा खात होता. आता पुन्हा वाद होणार, म्हणून बहिणीने सुई खाली ठेवली. त्याने डब्याचे झाकण लावले, पुन्हा उघडले, पुन्हा लावले. "तुझं ऑपरेशन चालू असताना," त्याने विचारले, "मी कुठे बसायचं?"

"तुम्ही बसमध्ये बसा, अहो. तिथेच तुम्हाला चैन पडतं."

"बस फार लांब लागेल. मी दारातच बसतो."

काल संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी मावशी मधोमध उभी राहिली. दोन गिऱ्हाईक बायका बाकावर होत्या. तिने नवी टेप बहिणीच्या हातात दिली. "घे माप. दोन बोटं घाल. आणि आकडा सांग."

बहीण कानाशी वाकली.

"तसं नको," मावशी म्हणाली. "नीट सांग."

"साडेपन्नास," बहीण म्हणाली. सगळ्या दुकानाला ऐकू गेले. बाकावरच्या एकीने मान वर केली आणि म्हणाली, "माझं चोपन्न आहे हो, मावशी." मग तिघी-चौघी हसल्या. ते हसू त्या जुन्या दुकानातले नव्हते.

मग मावशीने मला गळ्यातून काढले, माझ्या टोकाला लाल धागा बांधला आणि पट्टीच्या वरच्या खिळ्याला टांगले. "ही दीड इंच कमी दाखवते," तिने बहिणीला सांगितले. "फेकू नकोस. शिकायला येणाऱ्या मुलींना दाखवायला राहू दे."

मित्रांनो, आज तिचे ऑपरेशन आहे, आणि मी कालपासून इथे आहे. रस्त्यावर गाडी थांबली की मला वाटते, दवाखान्यातून निरोप आला. अजून आलेला नाही. मला फार भीती वाटते. तिलाही जाताना वाटत होती. पण तिची भीती पट्टीला लावून पाहिलेली होती.

तुम्हाला एकच मागणे आहे. कोणाचा आकडा मोठा असला तर हसू नका, आणि त्याला बरे वाटावे म्हणून कमीही सांगू नका. हळू सांगा, पण खरा सांगा. तुमच्या आवडत्या टेपांना वर्षातून एकदा तरी पट्टीला लावून बघा. कमी दाखवणारी टेप आपल्याला फार आवडू लागते.

माझ्यासमोर टेबलावर वही उघडी आहे. मावशीच्या पानावर कालची तारीख आहे आणि पुढे साडेपन्नास. त्याखाली तिने तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवली आहे. तिच्यापुढची जागा कोरी आहे. मी त्या जागेकडे बघत टांगलेली आहे.