रिकाम्यावर अडकलेला काटा

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतला पेट्रोलचा काटा आहे. माझे काम सोपे, पण जबाबदारीचे. मागे टाकीत एक गोळा तरंगत असतो. पेट्रोलबरोबर तो वरखाली होतो आणि तारेतून मला खबर धाडतो. जेवढे कळेल तेवढेच मी दाखवतो. पदरचे काही घालत नाही. माझ्या पहिल्या मालकाने, एका डॉक्टरने, वीस वर्षे माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. पुढे गाडी विकली गेली आणि मी बरीच वर्षे ताडपत्रीखाली अंधारात काढली.

मग एका पेंटरने गाडी घेतली. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा जन्म गेला होता. रंगाविना इंचभर पत्रा त्याला बघवत नसे. डिकीत, चटईखाली, जिथे कुत्रेसुद्धा डोकावणार नाही, तिथेही त्याने रंगाचे दोन हात दिले. येणारेजाणारे वाहवा करत होते. किल्ली फिरली तेव्हा मात्र माझ्यापर्यंत काहीच पोचले नाही. टाकी अर्धी भरलेली, आणि मी रिकाम्यावर पडून.

"हा बघा, कायमचा उपाशी!" पेंटर हसून म्हणाला. पुढे त्याने माझ्याकडे बघणेच सोडले आणि तो अंदाजाने पेट्रोल भरू लागला. माझा जीव टांगणीला लागला. एक दिवस टाकी खरोखर रिकामी होईल आणि हा मला हसण्यावारी नेईल, या धास्तीने मला चैन पडेना.

तसेच झाले. पुलाच्या ऐन चढावर गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. मागे ट्रक कर्कश हॉर्न देत होते. शेजारी बसलेली पेंटरची बायको पर्स छातीशी धरून उतरली. "या गाडीत मी परत पाय ठेवणार नाही. तुमचं तुम्ही बघा," म्हणाली आणि पुलाच्या कडेकडेने चालू लागली.

सगळे खापर माझ्यावर फुटले. जुन्या बाजारातून दुसरा काटा आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यासमोरच सीटवर ठेवला गेला. रविवारी मला काढायचे ठरले. मला तर तोंडच नाही, मी सांगणार काय?

रविवारी पेंटरची थोरली लेक आली. ती लिफ्टचे वायरिंग करते. "बाबा, काटा काढायला कितीसा वेळ लागतो? पण तोच बिघडलाय कशावरून? आधी तार बघू."

तिने डिकी उघडली. पेंटर वाळूची बादली घेऊन उभा. "ठिणगी उडाली म्हणजे?"

"टाकी बंद आहे, मी लांब धरते. तुम्ही आधी ती बादली खाली ठेवा, सगळी वाळू माझ्या पायावर सांडताय."

टाकीवरची तार सोडवून तिने दूरच्या एका उघड्या बोल्टला टेकवली. "आई, काटा बघ गं!"

आईने दार उघडले नाही. खिडकीतूनच वाकली. मी सरसर चढलो. "अगं, पार वर गेला!"

"म्हणजे काटा धडधाकट आहे. तारही."

तरी माझी धडधड थांबेना. दोष सापडला नाही, तर आळ माझ्यावरच राहणार होता. लेक आता टाकीपासून पत्र्याला जोडलेली दुसरी, आखूड तार बघत होती. वीज परत जायची वाट तीच. तिचा स्क्रू चकचकीत रंगावर बसला होता.

"बाबा, इथेही रंग दिलात?"

"दोन हात."

"रंगातून वीज जात नाही हो, बाबा."

लेकीने बॅटरी सोडवली आणि पॉलिश पेपर पेंटरपुढे धरला. त्याने एकदा बायकोकडे पाहिले, मग वाकून स्वतःचाच रंग नखाएवढा खरवडून काढला. उघड्या पत्र्यावर लेकीने तारेला नवे टोक लावून स्क्रू आवळला.

बॅटरी जोडून किल्ली फिरवली. मी हळूहळू उठलो आणि एका जागी थांबलो.

"पाव टाकी आहे," पेंटर म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं." बायकोने दार उघडले, आत बसली आणि चष्मा लावून माझ्याकडे टक लावून पाहू लागली. इतकी भीती मला पुलावरही वाटली नव्हती. मी पावावर घट्ट उभा राहिलो.

"चला," ती म्हणाली. "आधी पंपावर."

मित्रांनो, तुमच्याजवळही असा कोणी असेल, जो सारखा 'नाही, नाही' म्हणतो. त्याला काढून टाकण्याआधी एकदा मागे जाऊन बघा. तो खोटे बोलत नसेल. त्याच्यापर्यंत काही पोचतच नसेल.