कामगार संख्या : एक

"नाव कुणाचं टाकू?" सुकन्या मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं.

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटची पुढची खोली म्हणजेच कर सल्ल्याचं ऑफिस. समोर दोन होऊ घातलेले मालक. बिरप्पा बावीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात बोअरच्या जळक्या मोटरी नव्या तारेनं भरत आलेला. तार बोटांत धरली की किती जाडीची ते डोळे मिटून सांगायचा. शेजारी त्याचा मेहुणा जोतिराम. याला मोटरीतलं काही कळत नसे, पण मोटरवाल्यांतलं सगळं कळे.

"जोतिरामचं टाका," बिरप्पा म्हणाला. "त्येला बोलणं जमतंय."

"मग ती एकमालकी झाली, काका. कायद्यानं धंदा त्यांचा एकट्याचा. निम्मा-निम्मा हवा असेल तर भागीदारी करा. करारपत्र दोन दिवसांत करून देते."

"कशाला वाढिवताय मॅडम?" जोतिराम हसला. "भागीदारीला येगळं पॅन, येगळा रिटर्न. आन् दाजी काय परकं हायत व्हय?"

बिरप्पानं मान डोलावली. "आमी बिरुबाम्होरं भंडारा उचललाय. नफा-तोटा निम्मा. आता त्येच्यावर स्टॅम्प मारायचा, म्हंजी देवालाच साक्षीदार आण म्हनल्यागत हुतंय की!"

त्याच्या भावकीत भंडाऱ्याच्या, म्हणजे हळदीच्या त्या चिमटीवर बांध मिटत, सोयरिकी ठरत. त्यानंतर कागद मागणं म्हणजे पाहुण्याला तोंडावर चोर म्हणणं. मॅडमनी चष्मा पुसला आणि एकमालकीच्या चौकोनात खूण केली.

दुकान होटगीच्या रस्त्याला लागलं आणि चाललंही. वैरागकडचे शेतकरी बिरप्पाचं जुनं दुकान ओलांडून इकडं यायचे. शेतकरी पाटी बघून येत नाही, हात बघून येतो. हात बिरप्पाचा होता. पाटी जोतिरामनं रंगवली होती.

सव्वा वर्षानं बिरप्पाची लेक संस्कृती कॉलेजच्या कर्जाचा फॉर्म घेऊन दुकानात आली. वडिलांचा व्यवसाय काय लिहू, म्हणाली.

"मालक लिही," बिरप्पा छाती पुढं काढून म्हणाला. "नोंदणीचा कागद त्या फायलीत हाय. बघून लिही, चुकायला नगं."

तिनं कागद काढला. "अप्पा, मालक म्हणून मामाचंच नाव हाय."

"ठावं हाय ते. फुडं वाच."

"कामगार संख्या. पुरुष, एक." ती थांबली. "ह्यो एक कोण?"

दुकानात तिसरं माणूस कधीच नव्हतं.

संस्कृतीनं फॉर्म घडी करून पिशवीत टाकला आणि ती निघून गेली. तेवढ्यात जोतिराम चहा घेऊन आला. बिरप्पानं कागद पुढं केला.

"अवो दाजी, रकाना भरावाच लागतोय! मोकळा सोडला तर फॉर्म फुडं जात न्हाय."

"मग दोन मालक लिवायचं."

"एकमालकीत दोन कसं मावतील? तुमच्याम्होरंच ठरलं की." चहाचा घोट घेऊन त्यानं आवाज उतरवला. "खरं सांगू? पुढल्या म्हैन्यापासनं पगारच धरू. तुमालाबी बरं, डोस्क्याला ताप न्हाय."

"आन् भंडारा?"

"त्यो देवाधर्माचा झाला, दाजी. ह्ये हापिसातलं हाय."

बायकोच्या भावाशी भांडण म्हणजे घरातल्या चुलीशी भांडण. बिरप्पा मोटरीजवळ जाऊन बसला. तारेच्या चोवीस खाचांपैकी तेरा भरून झाल्या होत्या.

"कामगाराचं टायम काय अस्तंय?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"कुटल्या कामगाराचं?"

"कागदावरच्या."

"नऊ ते सा. असं का इचारताय?"

घड्याळात सहा वाजले. बिरप्पानं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, चप्पल घातली.

"दाजी, ही मोटर! सकाळी शेतकरी न्ह्यायला येनार हाय. आजवर अर्धी मोटर टाकून कवा उठलाय का तुमी?"

"न्हाय," बिरप्पा म्हणाला आणि पायरी उतरला.

मागं मोटरीच्या पोटातून तांब्याची तार बाहेर लोंबत राहिली. जोतिरामनं तिचं टोक हातात घेतलं. कुठल्या खाचेत घालायचं ते त्याला कळेना.