अर्धी राहिलेली चढाई

भवानी पेठेतल्या रणरागिणी मंडळाच्या मैदानावर चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात भरदुपारी, मैदान मोकळं असताना, बाईच्या आवाजात "कबड्डी, कबड्डी, कब..." असं ऐकू येऊ लागलं. तिथंच तुटायचं. पुढचं ऐकायला आम्ही पेठेतले लोक थांबायचो. मग जेवायला जायचो.

दम मोडनिंबच्या रशीदाचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. आदल्या हंगामातल्या अंतिम सामन्यात ती चढाईला आली आणि आमच्या वच्छलानं मागून धरून तिच्या तोंडावर पंजा दाबला. असा दम तोडायचा नाही, हा नियम गल्लीतली शेंबडी पोरंही पाळतात. पंचानं शिट्टी ओठांशी नेली. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष धोंडप्पा, म्हणजे पेठेचे आप्पा, खुर्चीतून ओरडले, "चालू दे!" पंच आप्पांचा मेहुणा, त्यानं शिट्टी खिशात घातली. रशीदा निळी पडली. जगली, पण पुन्हा खेळली नाही. पाण्याची घागर उचलली तरी धाप लागायची. ढाल आम्हाला मिळाली.

आवाज सुरू झाला तशी वच्छलाची झोप गेली. ती आप्पांकडे गेली.

"आप्पा, मोडनिंबला जाऊन माफी मागू या की. समद्यांनी."

"मंडळानं? मंडळाला हात हाय का? हात तुझा."

"आन् चालू दे कोन म्हनलं?"

"ते मी खेळाला म्हनलो."

मंडळानं विचार केला, की वच्छलाला काढून टाकावं, म्हणजे आवाजही तिच्यामागं जाईल. तिला काढलं. मैदानाच्या चारी कोपऱ्यांत लिंबं ठेवली.

वच्छला एकटीच एसटीनं मोडनिंबला गेली. रशीदानं तिला बस म्हटलं नाही. तिच्या तोंडावर तळवा दाबून धरला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग सोडला.

"च्या घेनार?"

दोघी चहा प्याल्या. निघताना रशीदा म्हणाली, "तुझं झालं बाई. बाकीचे कवा येनार?"

त्यानंतर वच्छलाला आवाज ऐकू आला नाही. मैदानावर मात्र तो आता अध्यक्षांच्या खुर्चीपाशी येऊ लागला. आप्पांनी खुर्ची सावलीत नेली, आवाज सावलीत आला. खुर्ची आत कार्यालयात नेली, आवाज आत आला. दार लावून घेतलं तेव्हा आप्पा आणि तो, दोघंच आत राहिले.

शेवटी आप्पा वच्छलाच्या दारात.

"पोरी, तू चल की संगं."

"मला काढलंय न्हवं का आप्पा?"

"घेतो परत."

"नगं. मी माझ्यापुरती जाऊन आले."

आप्पांनी तातडीची सभा बोलावली. मंडळात बसायला कुणी तयार होईना, म्हणून ती वच्छलाच्याच ओसरीवर भरली. तिनं सतरंजी अंथरून दिली आणि चादरींच्या कारखान्यात कामाला गेली. संध्याकाळी परतली तरी सभा चालूच होती. मोडनिंबला कुणी जायचं, हे अजून ठरत नव्हतं.