पुसलेला निळा डाग

मी कलमाचा चाकू बोलतोय. घडीचा आहे, त्यामुळे निम्मं आयुष्य मुठीत तोंड खुपसून गेलं. अंधारात पडून राहिलं की डोक्यात नाही नाही ते येतं. धार आहे ना अजून? काल ती गाठीची फांदी कापली, तेव्हा एखादा दाता तर पडला नसेल? खिळ्यापाशी ओल राहिली होती, तिथे गंज धरला तर? तुम्ही म्हणाल, चाकूला कसली आलीय काळजी, काळजी करावी ती समोरच्याने. खरं आहे. पण माझा स्वभावच तसा आहे, आणि तो मला जन्मापासून चिकटला आहे.

जन्माने मी पोलादाची एक पट्टी. ज्या कारागिराने मला घडवलं त्याचं दुकान म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. खिडकीवर गोणपाट टांगलेलं, कारण तापलेल्या पोलादाचा रंग उजेडात कळत नाही. भट्टी तो सांभाळायचा, पण रंग ओळखायची त्याची बायको. डोळा तिचा तयार होता आणि त्याला ते मान्य होतं, म्हणून त्यांचा संसार नीट चालला होता.

"अहो, थांबा जरा. अजून लालच आहे."

"तेल तापून बसलंय केव्हाचं."

"बसू दे. तेलाला कुठे जायचंय?"

मग मी नारिंगी झालो, तिने मान हलवली, आणि त्याने मला तेलात बुडवलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात, मी आगीतून तेलात गेलो. चर्र झालं, धूर झाला, आणि अंगात असा कडकपणा भरला की मला हलायचीही भीती वाटू लागली. या प्रकाराला पाणी देणं म्हणतात. देतात तेल, म्हणतात पाणी. माणसांच्या बोलण्यावरचा माझा विश्वास तिथूनच थोडा उडाला.

त्या घडीला मी हातातून खाली पडलो असतो तर काचेसारखे तुकडे झाले असते. नुसता कडकपणा काही कामाचा नसतो. म्हणून मला पुन्हा भट्टीच्या मंद आचेवर ठेवलं, थोडा नरम करायला. माझ्या घासलेल्या अंगावर हळूहळू पिवळट छटा चढली, वाळल्या गवतासारखी.

"बस्स, काढा," बायको म्हणाली. "आता निळा झाला तर गेला कामातून."

"निळा झाला तर काय होतं?" हे विचारणाऱ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांची फळझाडांची रोपवाटिका होती आणि माझी ऑर्डर त्यांचीच होती. झालं की नाही बघायला आल्या होत्या. पुढे त्यांच्याच हातात माझं आयुष्य गेलं.

"निळा म्हणजे जास्त तापला," कारागीर म्हणाला. "पाणी उतरतं. मऊ पडतो. लावली तर धार लागते, पण टिकत नाही. चार काप दिले की वळते."

"आणि टिकवायची असेल तर?"

"ओल्या दगडावर हाताने लावा. कोरड्या चाकाच्या जवळ नेऊ नका. आणि कधी निळं दिसलंच, तर त्या भागावर भरवसा ठेवू नका."

बाईंनी ते वाक्य मनात ठेवलं. मीही ठेवलं. त्यांना त्याचा उपयोग झाला, मला मात्र त्यातून आयुष्यभराची धास्ती मिळाली. ऊन लागलं तरी मला वाटायचं, निळा पडतोय की काय.

कारागिराने माझ्या पाठीला स्प्रिंगची कमान बसवली, लाकडी मूठ घातली, आणि मी टक् करून उघडू-मिटू लागलो.

बाईंकडे माझं काम एकच, कलमं. त्या नाशपातीची कलमं बांधायच्या. चांगल्या झाडाची काडी घ्यायची, तिचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. रानटी रोपाचा शेंडा छाटून त्याला मधोमध चीर द्यायची आणि पाचर तिच्यात बसवायची. सालीखालचा हिरवा पापुद्रा हिरव्या पापुद्र्याला भिडला की वरून पट्टी गुंडाळायची. काप एका दमात, सपाट यायला हवा. थोडी जरी कुरतड झाली तरी मध्ये फट राहते, हवा शिरते आणि काडी वाळते. बाई प्रत्येक काप डोळ्यासमोर धरून उजेडात बघायच्या. त्या बघत असताना माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. मग त्या "हं" म्हणायच्या. त्या एका "हं"वर मी वर्षं काढली.

संध्याकाळी ओला दगड, मऊ फडकं, तेलाचा थेंब. मला दुसऱ्या कुणाच्या हातात त्या देत नसत. लेकीने एकदा पार्सल फोडायला मागितला, तर म्हणाल्या, "दातांचा ब्रश मागशील का माझा? मग हा कसा मागतेस?"

अशा बाईंच्या घरी जावई आला.

माणूस चांगला. अगदी चांगला, आणि हीच अडचण होती. फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा त्याचा व्यवसाय होता. सासरी आला की हात स्वस्थ बसायचे नाहीत. बिजागरी कुरकुरली, उतरवली. नळ गळला, बदलला. लेक म्हणायची, "अहो, बसा जरा, माझ्या माहेरात काही मोडकं शिल्लक राहू दे." बाई हसायच्या. लेकीला त्या ताडकन बोलायच्या, पण जावयाला बोलायची जीभ त्यांना नव्हती. त्याच्यासमोर त्यांचा आवाजच वेगळा यायचा.

त्या वर्षी वाटिकेतल्या जुन्या नाशपातीला मुळाशी कीड लागली. तिच्याच काड्यांवर बाईंची सारी कलमं आजवर उभी राहिली होती. तिच्यासारखं पातळ सालीचं, रसाळ फळ दुसरीकडे नव्हतं, आणि बाईंनी त्या जातीचं दुसरं झाड आपल्यासाठी म्हणून कधी राखलं नव्हतं. बांधलं की विकलं. "हे आहे की," म्हणायच्या. आता ते राहणार नव्हतं. एक फांदी तेवढी जिवंत होती, तिच्यावर थोड्या काड्या. बाईंनी त्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. सकाळी कलमं बांधायची ठरलं. साधलं तर जात राहील, नाही तर संपली.

जेवताना त्या मनगट चोळत होत्या. हल्ली दगडावर मला घासताना त्यांचा हात दुखायचा. जावयाने ते पाहिलं.

सकाळी बाई रोपं काढायला गेल्या आणि मी मेजावर होतो. त्याने मला उचललं, नखावर टेकवून पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, "आईंचा हात दुखतोय, तेवढंच काम हलकं करू." मला कळलं हा काय करणार आहे. ओरडायची सोय असती तर ओरडलो असतो. गाडीच्या मागच्या पेटीतून त्याने धारेचं यंत्र काढलं, जे फाटकांच्या कडा घासायला तो वापरायचा. कोरडं, खरखरीत चाक. वायर लावली आणि ते गरगरू लागलं.

त्यात त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. फाटकाचं लोखंड मऊच असतं, लाल करा, निळं करा, त्याला फरक पडत नाही. आयुष्यभर ज्याने तेच लोखंड हाताळलं, त्याला माझ्या अंगातलं पाणी कसं दिसावं? ठिणग्या उडाल्या. माझं टोक पातळ, ते आधी तापलं. आधी ती ओळखीची पिवळट छटा आली, मग तपकिरी, मग जांभळट. मला त्या बायकोचा आवाज आठवला. आणि टोकापासून निम्म्या पात्यापर्यंत मी निळा झालो.

त्याने चाक बंद केलं. निळ्याकडे बघत राहिला. "च्च. डाग पडला," तो पुटपुटला. मग बारीक पॉलिशपेपर घेतला आणि निळा घासून घासून पुसून टाकला. मी आरशासारखा चकाकलो. कागदाची कड त्याने माझ्यावर धरली, ती सर्रकन कापली गेली. खूश झाला.

धार होती. पण ती आता टिकणार नव्हती, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. निळं दिसलं तर भरवसा ठेवू नका, हे बाईंना पाठ होतं, आणि दिसायचं ते पुसलं गेलं होतं.

"आई, चाकू लावून ठेवलाय," तो म्हणाला.

बाईंनी हातातली रोपं खाली ठेवली. मग त्याच वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "कशाला त्रास घेतलात, जावईबापू?" त्यांनी मला उजेडात धरलं, उलटसुलट केलं. माझा डाग शोधा, मी मनात म्हणत होतो, बोट फिरवा, काहीतरी करा. त्यांना लख्ख पातं दिसलं. त्या काड्यांकडे वळल्या.

पहिली पाचर छान तासली गेली. "हं," बाई म्हणाल्या. तो "हं" मला पहिल्यांदा खोटा वाटला. दुसरीही बरी गेली. रोपाला चीर देताना लाकूड थोडं टणक लागलं आणि माझी धार टोकाशी वळली. मला ते जाणवलं, दुमडलेल्या नखासारखं. तिसऱ्या काडीवर मी घसरलो. साल चुरगळली. बाईंनी काप उजेडात धरला. काडी बाजूला ठेवली. चौथी. तीही कुरतडली गेली. काड्या मुळातच थोड्या, त्यातल्या दोन मी वाया घालवल्या होत्या.

"आई, काय झालं?" लेकीने विचारलं.

"हात चालत नाहीये माझा," बाई म्हणाल्या. त्यांनी मनगट चोळलं. "वय झालं बहुतेक."

माझ्यामुळे त्या स्वतःच्या हाताला दोष देत होत्या. त्यांनी पाचवी काडी उचलली.

जावई जवळच रोपं धरून उभा होता. त्याने टाकलेल्या काड्या पाहिल्या, बाईंचे हात पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मिटलंच राहणार असं मला वाटलं. सासुरवाडीत आपला चांगुलपणा मोडणं कुणालाही जड जातं.

"आई, थांबा," तो म्हणाला. "तुमच्या हाताचं नसेल ते. मी यंत्रावर धरला तेव्हा तो निळा पडला होता. मी पुसला. मला वाटलं, नुसता डाग आहे."

लेकीने कपाळाला हात लावला. "अहो, सांगायचं तरी. यंत्राला लावलंत कशाला?"

"तू गप्प बस," बाई तिला म्हणाल्या. काडी त्यांनी खाली ठेवली आणि खुर्चीत टेकल्या. आता जावयाला धारेवर धरतील असं मला वाटलं. त्यांनी श्वास सोडला, आणि पहिल्यांदाच त्याच्याशी त्या आपल्या नेहमीच्या आवाजात बोलल्या.

"निळा झाला ते होतं हो. पुसायला नको होतं. निळं दिसलं असतं तर मी तेवढा भाग सोडून कापलं असतं. कुठपर्यंत होता?"

त्याने माझ्या पात्यावर बोट ठेवलं. "इथपर्यंत. मुठीकडे चाक पोचतच नव्हतं."

"म्हणजे मुठीकडची धार माझ्याच हातची आहे." बाई उठल्या. "बास की तेवढी."

उरलेल्या सगळ्या काड्या त्यांनी माझ्या मुठीलगतच्या आखूड भागाने तासल्या. अंगठा पार पात्याला चिकटवून, अवघडून. जावई रोपं धरत होता, लेक पट्ट्या देत होती. प्रत्येक काप उजेडात धरला गेला. बाईंनी "हं" एकदाही म्हटलं नाही, आणि मीही मागितला नाही.

नंतर जावयाने मला ओल्या दगडावर घासलं, हाताने, बाई समोर बसून सांगत असताना. मऊ पडलेलं सगळं झिजवून काढावं लागलं. आता मी आखूड आहे, पातं मुठीत सैल पडतं आणि मिटलं की आत रिकामी जागा उरते.

पुढचे दिवस खणात गेले. काळजीला तिथे भरपूर वेळ होता. पहिल्या दोन पाचरी वळलेल्या धारेच्या चिरेत बसल्या होत्या, त्यांचं काय? बाकीच्यांचं काय? ते म्हातारं झाड तोडल्याचा आवाज मी खणातूनच ऐकला.

एका सकाळी खण उघडला. उजेड आला. बाईंनी मला बाहेर काढलं आणि जावयाच्या हातात दिलं.

"पट्टी कापायचीय," त्या म्हणाल्या.

पट्टी कापतात ती कलम धरल्यावर. आत जोड फुगतो, पट्टी त्याला करकचते, म्हणून ती सोडवायची असते. मला दुसरं काही सांगायची गरज नव्हती.

"मी?" तो म्हणाला. "आई, लागलं बिगलं तर?"

"सांगाल ना लागलं तर?"

"सांगीन."

"मग कापा."

पहिल्या दोन काड्या वाळल्या होत्या. पुढच्या बहुतेकांवर बारीक हिरवी टोकं आली होती. त्याने पट्टी इतकी हळू कापली की मलाच घाई झाली, आणि माझ्या आयुष्यात असं आधी कधी झालं नव्हतं.

मी आता फार काळ पुरणार नाही. दगड मला दरवर्षी थोडं खातो. तोवर तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या हातून एखादी गोष्ट तापली, चुकली, मऊ पडली, तर पडू दे. निळा डाग तेवढा पुसू नका. पुढे ज्याच्या हातात ती जाईल, त्याला कळू दे कुठे भरवसा ठेवायचा नाही, म्हणजे तो उरलेल्या भागाने काम चालवील.