कुलपाची जागा

बंदरावर त्याला सगळे कुलूप म्हणत. माणूस तसा हसरा, गप्पिष्ट. पण मासे कुठे धरलेस म्हणून विचारा, की तोंड बंद. आता यात त्याचं तरी काय चुकलं म्हणा! मासेमार एक वेळ अंगावरचा सदरा काढून देईल, पण समुद्रातली आपली जागा सांगणार नाही. कुलपाला ती बापाने दाखवली होती. टेकडीवरचं झाड दीपगृहामागे दडलं आणि दुसऱ्या बाजूने पाण्याची टाकी डोकावली, की बरोबर खाली, लांबवर पसरलेल्या पोवळ्याच्या खडकाचा तो एकच कोपरा, आणि त्याच्या कपारींत हे एवढाले मासे. तू आणि मी, तिसऱ्याला कळता कामा नये, असं बाप म्हणाला होता. कुलपाने ते जिवापाड जपलं. लांबवर कुणाची होडी दिसली की तो गुपचूप नांगर उचली आणि पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर गळ टाकून बसे. तिथे मासा सोडा, शेवाळही मिळत नसे. पण बघणाऱ्याला वाटावं, हीच याची जागा.

पंचाईत केली ती पोटच्या पोरीने. समुद्राचं शिक्षण घेऊन, पाण्यात खोल बुडी मारायला शिकून ती घरी परतली आणि खडक मरतोय म्हणून सगळ्यांच्या मागे लागली. मासे अंडी घालतात तेवढी जागा तरी मोकळी सोडा, म्हणायची. सरकारी खातं अख्खा खडकच बंद करायला निघालं होतं. तिने साहेबांशी हुज्जत घातली, की जागा मासेमारच ठरवतील आणि पहाराही तेच देतील. साहेब कबूल झाले, पण रविवारपर्यंतच. तोवर ठरलं नाही तर खडकावर कुणालाच गळ टाकता येणार नव्हता. म्हणजे सगळ्यांच्याच चुली थंड.

लिलावाच्या शेडमध्ये बर्फ फोडायच्या टेबलावर तिने नकाशा पसरला. अंडी घालायला मासे सगळ्यात जास्त जिथे जमतात, तिथे एकेकाने येऊन टाचणी टोचायची. लाज वाटू नये म्हणून मध्ये गोणपाटाचा पडदाही लावला. कुलूप आत गेला, घाम पुसला आणि टाचणी बेधडक वाळूच्या पट्ट्यावर टोचून आला. पडदा काढला तर काय, झाडून सगळ्या टाचण्या त्याच पट्ट्यावर! एवढी एकी बंदराने कधी पाहिली नव्हती. पोरगी हरखून गेली आणि लगेच बुडी मारायला निघाली.

परतली ती पडलेल्या चेहऱ्याने. खाली नुसती वाळू. त्या दिवशी ती जेवली नाही. साहेबांपुढे मी तुमच्यासाठी शब्द टाकला होता, एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. कुलूप ताटातला भात नुसता चिवडत बसला. बायको ताट उचलताना त्याच्याकडे अशी बघून गेली, की त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

रविवारी सगळे पुन्हा जमले. पोरगी नकाशाची गुंडाळी करू लागली, तसा कुलूप उठला. बापाचा चेहरा सारखा डोळ्यांपुढे येत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला रडू फुटायच्या बेतात होतं.

"थांब, बाळ," तो म्हणाला. "मी खोटी टाचणी लावली." आणि त्याने झाड, दीपगृह, टाकी सगळं सांगून टाकलं.

मग त्याचा मेहुणा उठला. त्याला भोंगा म्हणत. त्याची कुजबुजही धक्क्यापर्यंत ऐकू जाई. आज मात्र तो एवढ्याशा आवाजात म्हणाला, "भाऊजी, ती जागा माझी आहे. आमच्या बाबांनी मला दिली."

त्याच्यामागचा म्हातारा खाकरला. ती त्याचीही होती. त्याच्या शेजारच्याचीही. एकेक जण मान खाली घालून उठत गेला. लांब होडी दिसली की प्रत्येकजण होडी घेऊन त्या वाळूच्या पट्ट्यावर पळत होता, आणि तिथे दुसऱ्याला बघून मनातल्या मनात त्याला हसत होता!

कुलपाने बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून हसण्याने गदगदत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"लग्नाआधीपासून," ती म्हणाली. "भावाने शपथ घातली, मग तुम्ही घातलीत. मी कुणाची मोडू?"

मग जो हशा उठला, तो बराच वेळ थांबेना. पोरगी तेवढी हसत नव्हती. खडकावरच्या आधीच्या बुड्यांमध्ये तिथलं पोवळं मोडून त्याचा चुरा झालेला तिने पाहिला होता. "बाबांनी जागा सांगितली तेव्हा, एकच नांगर एवढं कसं मोडेल, हेच मला कळेना," ती म्हणाली.

हसू हळूहळू ओसरलं. माझ्या एकट्याच्या नांगराने काय होतंय, असं प्रत्येकाने आयुष्यभर मनाशी म्हटलं होतं. भोंग्याने डोळे पुसले आणि तीच जागा बंद करायची म्हणून हात वर केला. मग सगळ्यांचेच हात वर गेले. कुलपाचा तेवढा जडपणे गेला, पण गेला.

दुपारीच खुणेचे तरंगते डबे टाकायला सगळ्या होड्या निघाल्या. पोरगी बापाच्या होडीत नकाशा उघडून बसली, पुढे जाऊन इतरांना वाट दाखवायला. तिने मान वर करून पाहिलं, तर होड्या केव्हाच पुढे गेल्या होत्या आणि मागे वळून न बघता सरळ त्या जागेकडे चालल्या होत्या.