धक्क्याचा दोर

धरणाचा फुगवटा आमच्या गावाच्या पायथ्याशी येऊन थांबतो. तिथे ग्रामपंचायतीचा धक्का आहे, निळ्या ड्रमांवर फळ्या ठोकलेला, तरंगता. पलीकडच्या तांड्यातली माणसं नावेने येऊन याच धक्क्यावर उतरतात. त्याची देखभाल माझ्याकडे. शेवाळ घासायचं, सैल फळ्या ठोकायच्या, संध्याकाळी धक्का काठावरच्या कडीला बांधून घरी जायचं. सरपंच विमलताईंनी हे काम मला संक्रांतीपर्यंत अजमावून पाहायला दिलं होतं. नीट केलं तर कायम, नाहीतर तांड्यातल्या देवसिंगला. त्यानेही हेच काम मागितलं होतं.

मग रोज माझा दोर कोण सोडत होतं, हे सांगायला ज्योतिषी लागतो का?

मी दोर बांधायचे तो बैल बांधावा तसा, आखूड आणि आवळून. सकाळी बघावं तर गाठ दुसरीच, दोर ढिला आणि धक्का काठापासून लांब सरकलेला. शेजारी विडीचं थोटुक. विडी देवसिंग ओढतो. गावातले निम्मे पुरुष ओढतात, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. माझ्या मस्तकात तिडीक गेली. आज ढिला करतो, उद्या सोडूनच देईल. धक्का वाहून गेला की बोंब माझ्या नावाने.

"पाह्यलं काय तू त्याले?" मी तक्रार घेऊन गेले तेव्हा विमलताईंनी विचारलं.

"पाहाले कायले पाहिजे?"

"मंग मी काय बोलू त्याले?"

मी ढाणकीच्या बाजारातून साखळी आणि कुलूप आणलं. धक्का कडीला गच्च आवळला, चावी कमरेला खोचली आणि निवांत झोपले.

सकाळी धक्क्याकडून हाका आल्या. मी खुशीतच धावले. सापडला चोर!

रब्बीसाठी कालव्याला पाणी सोडलं होतं आणि त्या रात्री धरणाचं पाणी फारच उतरलं होतं. धक्क्याची काठाकडची बाजू साखळीला लटकलेली, दुसरी पाण्यात बुडालेली. देवसिंग छातीभर पाण्यात उभा राहून खांद्याने फळ्या तोलत होता.

"बाई, चावी! जल्दी!"

"आधी सांग. माहा दोर रोज तूच सोडत होता न?"

"सोडत नोतो, ढील देत होतो! पानी रोज उतरून राह्यलं न. माही नाव बी इथंच बांधून असते!"

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी म्हनल्या असत्या, काम हिसकून राह्यला!"

खरं होतं. तरी माझा हात कमरेशी अडला. चावी दिली आणि याने धक्काच पळवला तर? तेवढ्यात फळ्या कडाडल्या. कडी उखडून साखळीसकट पाण्यात गेली, दोन ड्रम सुटले आणि देवसिंग खाली गेला. वर आला तेव्हा त्याचा खांदा सोललेला होता.

आरडाओरडा ऐकून विमलताई आल्या. देवसिंगने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"दोर तुटला ताई," तो म्हणाला. "बाईची काही गलती नाही."

इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. विमलताई मान हलवून निघाल्याच होत्या. गप्प राहिले असते तर काम माझंच होतं.

"दोर नोता ताई. साखळी होती. म्याच कुलूप लावलं."

विमलताई थांबल्या. "कायले?"

"याच्यावर भरोसा नोता म्हून. काम आता यालेच द्या."

देवसिंग खांदा दाबत माझ्याकडे बघत राहिला. यातही माझा काही डाव असावा, असंच त्याला वाटलं असणार.

"आन तुमी?" त्याने विचारलं.

"मी रोज संध्याकाळी येईन. तुमी दोर कसा बांधता, ते पाहीन."