ओळखलंत का, वहिनी?

झेएवच्या दुकानातला टेलिफोन कानाला लावायचा तर आधी नाक धरावं लागे. सगळ्या छावणीत तो एकच. रुमानियातले, मोरोक्कोतले, इराकातले आणि आम्ही हिंदुस्थानातले, साऱ्यांची तोंडं त्या एका काळ्या भोंग्याला लागलेली. खारवलेली मासळी, लसूण आणि शिळा तंबाखू यांचा वास त्यात असा मुरला होता की एकदा एक मांजर भोंग्यापुढे बसून दोन तास लाडीगोडीने बोलत होतं. खोटं वाटत असेल तर झेएवला विचारा. फक्त त्याला मराठी येत नाही.

सन सत्तावनची गोष्ट. अश्केलोनच्या बाहेर आम्हा नव्याने आलेल्या यहुद्यांची पत्र्याच्या खोल्यांची छावणी होती. उन्हाळ्यात आत भाकरी भाजून निघे, आणि हिवाळ्यात वारा असा की माझं छप्पर एका शुक्रवारी उडालं ते सोमवारी परत आलं, वर दुसऱ्या कोणाचे तरी कपडे वाळत घातलेले. तर प्रत्येकाचा जीव अडकलेला होता पक्क्या घरात. ते घर मिळायचं पेतेकवर. पेतेक म्हणजे चिठ्ठी, तळहाताएवढा पिवळा कागद, त्यावर एक नंबर आणि एक शिक्का. घरवाटपाच्या ऑफिसात नंबर पुकारला की चिठ्ठी द्यायची आणि किल्ली घ्यायची. चिठ्ठी धरणारा हात कोणाचा, हे बघायला कारकुनाला सवड नसे. बघितलं असतं तरी काय, त्याच्या डोळ्यांना आम्ही सगळे 'होदी', म्हणजे हिंदुस्थानी, एकाच साच्यातले.

ऑक्टोबर सरत आला होता. दुकानाच्या पायरीवर मी बसलो होतो, एवढ्यात येमिमाबाई पेझारकर आतून बाहेर आल्या. विधवा बाई. मुलगा दूर नेगेवच्या वाळवंटात रस्त्याच्या कामावर, घरी सून शुलामिथ, आठवा महिना लागलेली. मागच्या पावसात त्यांच्या खोलीत पाणी खाटेच्या पट्टीपर्यंत आलं होतं. यंदा बाळ त्या चिखलात जन्मू नये, एवढीच बाईंची एलियाहू हन्नाबी पैगंबराकडे मागणी. त्यांच्याजवळ चिठ्ठी होती, नंबरही जवळ आला होता.

"सामाजीभाऊ!" चेहरा असा फुललेला, जणू हातात किल्लीच पडली. "कोणाचा फोन आला असेल सांगा! आमच्या हसाजी भावजींचा! ह्यांचे चुलतभाऊ हो. एकोणपन्नासात आले ते हरवलेच होते की."

मी पायरीवरून उठलो.

"काय म्हणाले?"

"अहो, ते घरवाटपाच्या ऑफिसातच आहेत! म्हणाले, वहिनी, तुमची चिठ्ठी पार तळाला पडलीय, तुम्हाला पाठवतील कुठेतरी वाळवंटात. माझ्याकडे द्या, वरचा शिक्का मारून आणतो, समुद्राजवळचं घर, नळासकट. उद्या नऊला परत फोन करणार, आणि दहाच्या बसने त्यांचा माणूस येणार चिठ्ठी न्यायला."

"देऊ नका," मी म्हटलं.

"का?"

"तो हसाजी नाही. भामटा आहे."

येमिमाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "भामटा? आणि हे कोण सांगतंय? हैफाच्या बंदरात कस्टमवाल्याला हत्ती विकला म्हणणारे सामाजीभाऊ? गोऱ्या सोजिराला समुद्रात घोड्यावर बसवून शर्यतीत हरवलं म्हणणारे? तुमच्या तोंडून आजवर एक तरी खरा शब्द बाहेर पडलाय का हो?"

"हत्ती लहान होता," मी म्हटलं. सवय हो, दुसरं काय.

"चला, बाजूला व्हा."

त्या निघाल्या. आता माझ्यापुढे दोनच वाटा. एक, गप्प बसायचं. दुसरी, जे दोन महिने मी पत्र्याखाली दाबून ठेवलं होतं ते ओकायचं. ते ओकताना तोंडाला कसली चव येते ते सांगतो. खवट तेलाची.

"येमिमाबाई, माझी चिठ्ठी गेली."

त्या थांबल्या.

"ऑगस्टच्या शेवटी. मी इथेच आत होतो. टेलिफोन वाजला, झेएव ओरडला, 'होदी! टेलिफोन!' जो होदी जवळ असेल तो धावतो, तसा मी धावलो. पलीकडून अस्सल आपली बोली, पेण-अलिबागकडची. म्हणाला, 'ओळखलंत का मला?' आवाज असा गोड की बोलणं संपेपर्यंत भोंग्याच्या भोकांपाशी मुंग्यांची रांग लागली. आता आपल्यात 'कोण तुम्ही' असं विचारायचं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावायचं. माणसं इथे येऊन दहा गावांत पांगली, आवाज ओळखता आला नाही तर लाज कोणाची? आपली. मी म्हटलं, कोण, बुनाजी? माझा मामेभाऊ. तो म्हणाला, अगदी बरोबर! पुढचं सगळं तुमच्यासारखंच. तळाला पडलेली चिठ्ठी, वरचा शिक्का, दहाची बस. पांढरा शर्ट घातलेला एक माणूस उतरला. मी त्याला चिठ्ठी दिली, वर दोन संत्री दिली."

"मग?"

"मग काय. ऑफिसात गेलो तर कारकून वहीवर बोट ठेवून म्हणाला, सामाजीने किल्ली नेली. मी म्हटलं, सामाजी मी. तो म्हणाला, तोही हेच म्हणाला होता."

दोन महिन्यांत मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्या जगाला टोप्या घालणारा म्हणून ज्याच्याभोवती माणसं जमायची, त्याने सांगायचं काय, की मला टेलिफोनच्या भोकातून लुटलं? लोक विचारत, सामाजीभाऊ, घराचं काय झालं? मी सांगे, समुद्राचा आवाज फार येतो म्हणून मीच नको म्हटलं. बोलताना स्वतःच्याच जिभेची किळस येई.

येमिमाबाई परत फिरल्या. मग पायरीवर बसल्या.

"खरं आहे हे," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"तुमच्या थापांत तुम्ही कधी मूर्ख नसता."

ते मला लागलं. पण आता लागून घ्यायला वेळ नव्हता. त्यांच्या मनात अजून अर्धा हसाजी शिल्लक होता, तो दिसत होता. त्या म्हणाल्या, "पण भाऊ, त्याला सगळं ठाऊक होतं. पेझार गाव, शुलामिथचे दिवस..."

"हसाजीचं नाव आधी कोणी घेतलं?"

"मी."

"पेझारचं?"

"त्याने विचारलं, गावाकडची आठवण येते का. मी म्हटलं, पेझारची विहीर डोळ्यांसमोरून..." त्या अडखळल्या.

"आणि शुलामिथचं?"

"तो म्हणाला, घरात सगळं ठीक ना? म्हणून मीच..." त्यांनी पदराने तोंड पुसलं, खरकटं लागल्यासारखं. "शी! माझंच बोलणं मला वाढलं की हो त्याने. आणि मी चवीने खाल्लं!"

तरी उद्या नऊला फोन येणार होता, आणि खरोखरच हसाजी असला तर? ही शंका बाईंची, आणि ती रास्त होती. मी म्हटलं, "त्याला नसलेलं काहीतरी विचारा. खरा असेल तर गोंधळेल, हसेल, शिव्या देईल. खोटा असेल तर हो ला हो करील. त्याला 'नाही' म्हणून चालणारच नाही."

"काय विचारू?"

"थाप मारा."

"मला नाही मारता येत."

"मी शिकवतो."

"नको," त्या म्हणाल्या. "तुमचा हत्ती नको मला. माझं मी बघते."

दुसऱ्या दिवशी पावणेनऊपासून दुकान भरलेलं. शुलामिथ पोटाला हात लावून दारात उभी होती. झेएवला आम्ही मोडक्या हिब्रूत कसंबसं समजावलं होतं. त्याने गिऱ्हाइकांना साखर देणं थांबवलं. नऊला टेलिफोन वाजला. येमिमाबाईंनी भोंगा कानापासून वीतभर लांब धरला. वासासाठी असेल, पण त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"शालोम, वहिनी! रात्री झोप लागली ना? शुलामिथ कशी आहे आमची?"

"बरी आहे हो, भावजी." बाईंचा आवाज मऊ, लोण्यासारखा. मला वाटलं, फसल्या ह्या परत. "चिठ्ठी इथेच आहे, पदरात बांधलेली. फक्त काल एक विचारायचंच राहिलं. रात्रभर चैन नाही मला."

"विचारा ना, वहिनी!"

"तुमचा लाकडी पाय आता कसा आहे?"

आता तुम्हाला सांगतो, हसाजी पेझारकराचे दोन्ही पाय आईने दिलेले. रेवदंड्याच्या वाळूत तो बैलगाडीच्या पुढे पळायचा. ही थाप मी मारलेली नाही, खरं आहे.

भोंग्यात क्षणभर नुसती खरखर. मग तो म्हणाला, "काय सांगू, वहिनी. आता बराच बरा आहे. थंडीत जरा ठणकतो, एवढंच."

दुकानात कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं, हसतील. नंतर कितीतरी वेळा सांगितलं तेव्हा लोक हसले, पण त्या सकाळी त्या दुकानात माणसांची तोंडं अशी झाली होती की जणू पिठाच्या डब्यात हात घातला आणि आत काहीतरी वळवळलं.

"लाकूड ठणकतं?" येमिमाबाई म्हणाल्या. मऊपणा गेला होता. "मेल्या, माझी सून आठ महिन्यांची पोटुशी आहे. तू काल तिचं नाव माझ्याच तोंडून काढून घेतलंस आणि आज तिची चौकशी करतोस! पोटातल्या पोराच्या डोक्यावरचं छप्पर चोरायला निघालास, ते माझ्या नवऱ्याच्या भावाच्या तोंडाने!"

मग पलीकडून जे बाहेर आलं ते मी इथे सांगत नाही. मध संपला आणि तळाची घाण वर आली. अशा शिव्या की एरवी जे मांजर त्या भोंग्याशी बोलायचं तेही उठून गेलं. वाईट वाटलं ते एवढ्याचं की त्या आमच्याच शिव्या होत्या. एकूण एक शब्द आमच्या किनाऱ्यावरचा. परक्याने लुटलं असतं तर थुंकून मोकळं होता आलं असतं. हा आमच्यातलाच कोणीतरी, आमच्याच मिठावर वाढलेला.

येमिमाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग भोंगा जागेवर ठेवला आणि झेएवकडे साबण मागितला. दुकानामागच्या नळावर त्यांनी कान धुतला, तीनदा.

दहाच्या बसला मी, झेएव आणि झेएवची मासे कापायची सुरी असे तिघे थांब्यावर हजर होतो. बस थांबली. खिडकीत एक पांढरा शर्ट दिसला, त्याने आम्हाला बघितलं आणि सुटलेली बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. बस सुटून वळणावरून दिसेनाशी झाली तरी नाडी बांधून झाली नव्हती.

बाई त्याच दुपारी अश्केलोनला गेल्या. चिठ्ठी पोलक्यात, वर टाचणी. घरवाटपाच्या ऑफिसच्या पायरीवर तीन दिवस बसल्या. कारकुनाने दोनदा उठवलं, दोनदा परत बसल्या. चौथ्या दिवशी नंबर पुकारला तेव्हा चिठ्ठी त्यांनी कारकुनाच्या हातात दिली, पण दुसऱ्या हातात किल्ली पडेपर्यंत तिचं टोक सोडलं नाही. समुद्राजवळचं घर नव्हे, आतल्या बाजूचं, पण भिंती सिमेंटच्या. पहिला पाऊस आला तेव्हा शुलामिथ कोरड्या जमिनीवर होती.

शब्बाथला, म्हणजे शनिवारी, प्रार्थनालयात सकाळची प्रार्थना झाल्यावर येमिमाबाईंनी बायकांच्या बाजूने मला हाक मारली. "सामाजीभाऊ, सांगा सगळ्यांना."

"काय सांगायचं? तुमचं तर मिटलं."

"तुमचं सांगा."

मी उभा राहिलो. चारचौघांत पहिल्यांदा थाप नसलेली गोष्ट सांगितली. बुनाजी, मुंग्या, पांढरा शर्ट, दोन संत्री. मुंग्या गाळायला हव्या होत्या, पण निघून गेल्या तोंडातून. संपवलं आणि खाली बघत बसलो. कोणीतरी आता खिदळेल, याची वाट बघत होतो.

माझ्या शेजारी हिलेल बसला होता. गेली दोन वर्षं आम्ही त्याच बाकावर खांद्याला खांदा लावून बसत होतो. तो खाकरला.

"माझ्याकडे तो माझा साडू झाला होता," तो म्हणाला. "जुलैत."

"जुलैत?" मी म्हटलं. "अरे माणसा, जुलैत तुझी गेली आणि ऑगस्टमध्ये माझी, आणि तू इथे माझ्या शेजारी बसून जपमाळेसारखी दाढी ओढत होतास?"

"तू पण तर बसला होतास!"

बायकांच्या बाजूने त्सिला उठली. चाळिशीची बाई, पाच मुलं. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं. त्याला तिने सांगितलं होतं की चिठ्ठी शेळीने खाल्ली.

"मला तो मावसभाऊ होता," ती म्हणाली, आणि आजवर शेळीलाच दोष देत आलेला तिचा नवरा हळूहळू उठून उभा राहिला.